साडूभाऊंनी हरवलेला अर्ज आणि माझे शहात्तर टक्के

आदरणीय साडूभाऊ,

साष्टांग नमस्कार. (गुडघा वाकत नाही म्हणून स्टुडिओतल्या स्टुलावर बसूनच घालतो आहे, पण आठही अंगं मनाने जमिनीला टेकली आहेत असं धरून चाला.) तुमचा खोकला कसा आहे? बाइंडिंगच्या खळीचा वास छातीत बसतो म्हणून डॉक्टरांनी जो रुमाल नाकाला बांधायला सांगितला, तो तुम्ही नाकाला बांधता की त्यानेच पुस्तकांच्या पाठी पुसता, हे मला ताईंना विचारायला हवं. ताईंच्या चष्म्याचा नंबर बदलला का? नजरेचं माहीत नाही, पण आवाज ठणठणीत आहे, हे त्यांनी मागच्या आठवड्यात फोनवर मला जे सुनावलं त्यावरून कळलं. सासूबाई तुमच्याकडेच आहेत ना? त्यांनाही नमस्कार सांगा, पण त्या चहा पिऊन झाल्यावर. आधी सांगितलात तर चहा कडू लागेल. इकडे आम्ही क्षेम आहोत. 'आम्ही' म्हणजे कोण आणि 'क्षेम' म्हणजे कितपत, ते पुढे येईलच.

पत्रास कारण आभार. एवढा एक शब्द लिहून सही ठोकली असती तरी चाललं असतं, पण तुम्ही मला ओळखता. तीन आठवड्यांपूर्वी वाचनालयाच्या पायऱ्यांवर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, मी तुम्हाला 'चालताबोलता विसराळूपणा' म्हणालो. आणखीही दोनतीन विशेषणं होती, ती आता आठवत नाहीत. (आठवतात, पण पत्रात शोभणार नाहीत.) तुम्ही त्यावर खिशातून सुईदोरा काढून माझ्या सदऱ्याचं लोंबणारं बटण बघत राहिलात. ते सगळे शब्द मी मागे घेतो. तुम्ही तो कागद हरवला नसतात तर आज माझ्या घरात काय झालं असतं, याचा विचार करताना मला चक्क घाम फुटतो. तेव्हा झालेलं सगळं पहिल्यापासून लिहितो. निम्मं तुम्हाला माहीत आहे, पण माझ्या तोंडून ऐकलं नाहीत, आणि माझ्या बाजूने सांगणारा सध्या या गावात मी एकटाच उरलो आहे.

मी फोटोवाला. सव्वीस वर्षं पासपोर्टचे, ओळखपत्राचे, सोयरिकीचे फोटो काढले, आणि एवढे चेहरे बघितले की माणूस स्टुलावर बसल्याबरोबर तो कुठल्या कामासाठी आला आहे ते मी सांगतो. (सांगत असे.) गिऱ्हाइकांना निरोप द्यायला फोनवर एक गट काढला होता, 'फोटो तयार आहेत' या नावाचा. होताहोता त्यात चारशे अठरा माणसं जमली, म्हणजे जवळजवळ सगळा प्रभाग. नुसतं 'तुमचे फोटो तयार आहेत' किती दिवस लिहिणार? म्हणून एकदा कौल टाकला की फोटोमागचा पडदा निळा हवा की पांढरा. बटण दाबलं की लगेच टक्के दिसतात. साडूभाऊ, ते टक्के वाढताना बघण्यात काय सुख आहे हे ज्याने बघितलं त्यालाच कळेल. मग मी अंदाजाचे कौल टाकू लागलो. 'उद्या पाणी येईल का?' असा कौल पाच दिवस टाकला, पाचही दिवस 'नाही' जिंकलं आणि पाचही दिवस पाणी आलं नाही. त्याचं साधं कारण म्हणजे मागच्या तीन गल्ल्यांत पाणी येतच नाही, पण मला वाटलं माझा कौल अचूक असतो. मग व्यापारी मंडळाच्या अध्यक्षाचा अंदाज केला, तोही बरोबर आला. (उमेदवार एकच होते.) लोक मला 'टक्केवाले' म्हणायला लागले आणि ते कौतुकानेच म्हणतात असं मी गृहीत धरून चाललो. हरभऱ्याच्या झाडावर चढवायला दुसरं कुणी लागतंच असं नाही, माणूस आपला आपणही चढतो.

आता तुमच्या मेहुणीचं, म्हणजे आमच्या हिचं. सासरे गेल्यावर मोटार वाइंडिंगचं दुकान तिने चालू ठेवलं तेव्हा आपण दोघेही म्हणालो होतो, बाईमाणसाने तांब्याच्या तारा गुंडाळत बसायचं म्हणजे काय. (मी म्हणालो होतो. तुम्ही नुसते खोकला होतात.) आज ती जळलेला पंप उघडून नुसत्या वासावर सांगते की हा किती वेळ कोरडा फिरला. मागच्या गल्ल्यांतली जुनी पाइपलाइन कुजली आहे, जोर नाही, म्हणून जो तो नळालाच मोटार लावतो, मोटार पाण्याऐवजी हवा ओढते आणि जळते. तीच मोटार महिन्यादोन महिन्यांनी तिच्या टेबलावर येते. पाइप बदला म्हणून तिने नगरपालिकेत चौदा अर्ज दिले. प्रत्येकाची पोच घेतली. चौदाव्या वेळी आपले चालू नगरसेवक, म्हणजे चौकातले डेअरीवाले, हसत म्हणाले, "बाई, मोटारी जळतात म्हणून तुमचं दुकान चालतं, कशाला पोटावर पाय आणून घेता?" ती घरी आली, जेवली नाही, आणि दुसऱ्या दिवशी उमेदवारीचा अर्ज घेऊन आली. स्वतःचा धंदा बसावा म्हणून निवडणुकीला उभी राहणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही. सूचक म्हणून सही माझी. निळ्या शाईत, खाली दोन रेघा ओढून, अगदी झोकात केली.

उमेदवार तीन ठरले: डेअरीवाले, व्यायामशाळेचे सर आणि तुमची मेहुणी. यादी लागली त्या दिवशी सकाळी नऊला मी गटावर कौल टाकला, 'आपल्या प्रभागात कोण निवडून येणार?' तीन नावं आणि चौथा पर्याय 'सांगता येत नाही'. हा चौथा पर्याय माझा स्वतःचा शोध, त्याने कौलाला भारदस्तपणा येतो. आता या गटाची एक गंमत मी विसरलो. (विसरलो नव्हतो, महत्त्वाची वाटली नाही.) कुणी काय दाबलं ते तिथे नावानिशी सगळ्यांना दिसतं. आणि डेअरीवाले गटात आहेत. नऊ वाजून चार मिनिटांनी शिंपीकाकांनी त्यांच्या नावावर बटण दाबलं, आणि नऊ वाजून पाच मिनिटांनी डेअरीवाल्यांनी लिहिलं, 'शिंपीकाका, आभारी आहे.' मग प्रत्येकाला नाव घेऊन आभार. सकाळचं दूध ज्याच्याकडून येतं तो माणूस दारात उभा राहून बघतो आहे म्हटल्यावर दुसरं बटण दाबणार कोण? भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. पण मला तेव्हा फक्त टक्के दिसत होते. संध्याकाळपर्यंत दोनशे त्रेसष्ट जणांनी दाबलं: डेअरीवाले दोनशे एक (म्हणजे शहात्तर टक्के), सर सत्तेचाळीस, 'सांगता येत नाही' अकरा आणि तुमची मेहुणी चार. त्या चारांतल्या एकाने चुकून बोट लागलं म्हणून जाहीर माफी मागितली.

त्या अकरांतलं पहिलं नाव माझं होतं. साडूभाऊ, हे लिहिताना पेन जड झालं आहे, पण लिहितो. मला वाटलं, कौल घेणाऱ्याने तटस्थ असावं. पंचाने स्वतः बॅट हातात घ्यायची नसते. लोकांनी म्हणू नये की बायको उभी आहे म्हणून हा माणूस वारं फिरवतो. म्हणून मी सगळ्यांच्या आधी, आदर्श घालून द्यावा तसं, 'सांगता येत नाही' दाबलं आणि चहा प्यायलो. दुपारी ती दुकानातून तशीच उठून स्टुडिओत आली. ओढणीला तांब्याच्या तारांचे तुकडे, हातात फोन. काउंटरच्या बाहेर गिऱ्हाइकासारखी उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही सूचक आहात ना माझे?" मी तिला तटस्थता म्हणजे काय ते दहा मिनिटं समजावलं. ती तोवर ओढणीतले तारांचे तुकडे एकेक वेचत राहिली, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. शेवटी म्हणाली, "बरं, फोटोवाले," आणि गेली. सव्वीस वर्षं ही बाई मला 'अहो' म्हणत आली आहे. त्या दुपारपासून मी तिला फोटोवाला झालो. 'फोटोवाले, ताट वाढलंय.' 'फोटोवाले, गॅस संपलाय.' बोलणं बंद केलं असतं तर भांडता तरी आलं असतं, पण ती माझ्याशी गावाइतकंच बोलत होती.

मला खरंच वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की मी मूर्खपणा करतो, हा माझा जुना स्वभाव. मी विचार केला, चारशे अठरांत चार. मतमोजणीच्या दिवशी टेबलापाशी हात जोडून ही उभी राहणार आणि माइकवरून आकडा पुकारणार. खरं सांगतो, मला भीती तिच्या हरण्याची नव्हती, हरल्यावर तिचा चेहरा कसा दिसेल त्याची होती. सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांचे चेहरे सरळ करत आलो, हनुवटी वर घ्या, खांदे सैल सोडा. हिचा पडलेला चेहरा सरळ करायची माझी छाती नाही. म्हणून मी तिच्या नावाने उमेदवारी मागे घेण्याचा अर्ज लिहिला, सुवाच्य अक्षरात, आणि ती कॉइल गुंडाळत होती तिथे टेबलावर ठेवला. सूचकाने नेऊन दिला तरी चालतो, हे मी विचारून ठेवलं होतं. ती वर न बघता म्हणाली, "ठेवा तिथे." दुसऱ्या दिवशी सकाळी तो घडी घालून बंद पाकिटात मला परत मिळाला. मी उघडून पाहिला नाही. म्हटलं, सही करताना डोळ्यांतून पाणी पडलं असेल तर कागदावर डाग असेल, तो कशाला बघा.

इथून पुढे तुमचा प्रवेश. तुम्ही आणि ताई चार दिवसांसाठी आला होतात आणि वाचनालयाची तीन बांधून झालेली पुस्तकं तुम्हाला जाताजाता द्यायची होती. दुपारी तीनपर्यंत अर्ज द्यायचा होता, आपण दोनला निघालो. स्कूटर मी चालवत होतो म्हणून पाकीट तुमच्याकडे दिलं. (ही माझी चूक. मी हे वाक्य तेव्हा कितीतरी दिवस घोकत होतो, आता तेच वाक्य मी देवाची कृपा म्हणून घोकतो.) कागदाला घडी पडली की ती तुम्हाला स्वतःच्या अंगावर पडल्यासारखी बोचते, हे मला माहीत होतं. तुम्ही बाइंडर माणूस, लग्नपत्रिकासुद्धा दोन पुठ्ठ्यांत दाबून ठेवता. वाचनालयात तुम्ही आत गेलात, मी बाहेर स्कूटर चालू ठेवून उभा. पालिकेच्या खिडकीपाशी दोन चाळीसला मी हात पुढे केला आणि तुम्ही शांतपणे म्हणालात, "तो पुस्तकात सपाट ठेवला आहे." कुठल्या पुस्तकात? "तिघांपैकी." तिन्ही पुस्तकं कुठे? "वाचनालयात." परत गेलो तर दोन पुस्तकं काउंटरवर होती, त्यांत काही नव्हतं, आणि तिसरं दहाच मिनिटांपूर्वी कुणीतरी घरी नेलं होतं. तीन वाजून पाच मिनिटांनी खिडकी बंद झाली आणि मी पायऱ्यांवर उभा राहून तुम्हाला ते सगळं बोललो. ताई तुमच्या बाजूने माझ्याशी भांडल्या, तुमची मेहुणी माझ्याशी भांडलीच नाही, आणि तुम्ही घरी येऊन तुमची पेटी उघडलीत आणि खळ कालवायला घेतलीत.

ते काय करताय हे मला पुढचे दोन दिवस कळलं नाही, कारण मी फुगून स्टुडिओत बसत होतो. तुम्ही तिच्याकडून त्या चौदा पोचा मागून घेतल्यात, तारखेप्रमाणे लावल्यात आणि त्यांचं एक छोटं पुस्तक बांधलंत. काळं कापड, गोल पाठ, वरच्या बाजूला वाचनखूण म्हणून लाल फीत. वर नाव घातलं नाहीत, बरं केलंत. तुमची बस सुटल्यावर ते तिने मला दाखवलं, म्हणजे माझ्यासमोर ठेवून स्वयंपाकघरात गेली. साडूभाऊ, चौदा कागद सुटे असताना ते मला चिटोरे वाटत होते. एकत्र बांधल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं की यात चार वर्षं गेली आहेत, आणि चार वर्षं मी घरात बसून 'पाणी येईल का' याचे टक्के काढत होतो.

अर्ज मागे गेला नाही म्हटल्यावर प्रचार करणं आलं. तिच्याबरोबर हिंडायला माणूस हवा होता, आणि मी न विचारता पिशवी उचलली. ती "राहू दे, फोटोवाले," म्हणाली नाही, एवढाच काय तो आधार. मला वाटलं होतं दारं धाडकन बंद होतील. उलट प्रत्येक दारात तिला आत नेत होते. मतांचं कुणी बोलेचना. "बाई, जरा आवाज ऐका हो हिचा," म्हणून थेट पंपापाशी. ती खाली बसायची, कान लावायची, एक स्क्रू पिळायची आणि मग पिशवीतून ते काळं पुस्तक काढून त्यांच्या हातात द्यायची. भाषण नाही, काही नाही. लोक एकेक पान उलटायचे आणि शेवटच्या पानावरून परत पहिल्यावर यायचे. मधल्या गल्लीत एक निवृत्त नर्सबाई राहतात, वय सत्तरीचं, जीभ तिशीची. त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला तेव्हा माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हणालो, तुम्ही तर डेअरीवाल्यांचं बटण दाबलं होतंत. (उचलली जीभ लावली टाळ्याला.) त्या म्हणाल्या, "दाबलं की. उद्या दूध पातळ आलं तर तुमचा कौल प्यायचा का मी? फोटो काढताना माणूस केस विंचरून बसतो, फोटोवाले, घरी तसा बसतो का?" आणि मग माझ्याकडे न बघता, "तुम्ही काय दाबलंत तेही दिसलं हो सगळ्यांना." त्यानंतर त्या गल्लीत मी कुणाला काही विचारलं नाही.

त्या रात्री नव्हे, तिथेच नर्सबाईंच्या ओट्यावर बसून मला कळलं की माझा कौल म्हणजे माझा स्टुडिओच होता. तिथे प्रत्येक जण भांग पाडून येतो. एवढी वर्षं मी लोकांचे जे चेहरे बघितले ते सगळे मला दाखवायला आणलेले चेहरे होते, आणि हिने बघितले ते पाणी नसताना, पंप जळल्यावर, अंघोळीविना कामावर निघालेल्यांचे. मग निकाल कुणाला आधी कळणार होता? दिव्याखाली अंधार म्हणतात, इथे तर मी स्वतः दिवे लावून बसलो होतो, चारचार.

मतदानाच्या दिवशी मी सकाळी पहिल्या दहांत रांगेत उभा होतो. आत पुठ्ठ्याच्या आडोशाला गेलो, तिच्या नावासमोर दाबलं आणि तिथेच जरा उभा राहिलो. तिथे माझं नाव कुणालाच दिसणार नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की इथे दिसायला हवं होतं. बाहेर येऊन तिला सांगितलं, "मी तुलाच दिलं." ती म्हणाली, "गुप्त असतं ते, फोटोवाले." मतमोजणीला आकडा पुकारला: तुमची मेहुणी अकराशे बेचाळीस, डेअरीवाले आठशे एकसष्ट, सर तीनशे सत्याहत्तर. दोनशे एक्क्याऐंशी मतांनी ती निवडून आली. मी कॅमेरा घेऊन तिच्यासमोर उभा होतो आणि तिचा चेहरा बघता बघता बटण दाबत राहिलो. सव्वीस वर्षांत माझ्याकडून फोटो हलला नव्हता, त्या दिवशी काढलेले अकराच्या अकरा हलले. डेअरीवाल्यांचा 'विजयी' लिहिलेला मोठा फोटो मी आधीच फ्रेम करून ठेवला होता, तो ते दुसऱ्या दिवशी येऊन घेऊन गेले. खालचं अक्षर नखाने खरवडत म्हणाले, "फ्रेम चांगली आहे." माणूस दिलदार आहे, उगाच खोटं कशाला बोलू. आणि आमच्या नव्या नगरसेविकाबाईंनी काल पहिल्याच सभेत पाइपलाइनचा विषय मांडला, तो मंजूर झाला. आता दोन महिन्यांत त्यांच्या दुकानात माश्या मारायची वेळ येईल, त्या आनंदात त्या आहेत.

हे सगळं कशामुळे, तर तुम्हाला घडीचा तिटकारा आहे म्हणून आणि तुम्ही विसराळू आहात म्हणून. एका कागदाला सुरकुती पडू नये एवढी तुम्ही काळजी घेतलीत, आणि माझा संसार आणि या प्रभागाचं पाणी दोन्ही वाचलं. तुमचे उपकार मी फेडू शकत नाही, म्हणून फेडायचा प्रयत्नही करत नाही. गटाचा कारभार मी शिंपीकाकांकडे दिला आहे, आता तिथे फक्त फोटो तयार झाले की कळवतात. तुम्ही पुढच्या वेळी याल तेव्हा माझ्याकडचे कुठलेही महत्त्वाचे कागद खुशाल पुस्तकात ठेवा. खोकल्याला जपा, रुमाल नाकालाच बांधा. ताईंना आणि सासूबाईंना नमस्कार, बाकी सर्व ठीक.

आपला कायमचा ऋणी,
फोटोवाला साडू

ता. क. : 'बाकी सर्व ठीक' हे लिहून गेलो, पण तसं नाही. परवा तुमच्या मेहुणीने आपल्या घरच्या गटावर एक कौल टाकला आहे: 'फोटोवाल्यांना माफ करावं का?' पर्याय तीन: हो, नाही, सांगता येत नाही. मला दाबायला बंदी आहे. ताईंनी 'नाही' दाबलं. आमच्या लेकीने हॉस्टेलवरून 'नाही' दाबलं आणि पुढे हसरा चेहरा टाकला, तो कशासाठी ते कळत नाही. सासूबाईंनी तिन्ही दाबली. आणि तुमच्या मेहुणीने स्वतः 'सांगता येत नाही'. उरलात तुम्ही एकटे, आणि तुमचा फोन तुम्ही कापडांच्या कपाटात बंद करून ठेवता, म्हणून तर हे पत्र. कृपा करून तो बाहेर काढा, चार्ज करा, हिरव्या खुणेवर बोट ठेवा, घरचा गट उघडा आणि 'हो' दाबा. ताईंना दिसेल म्हणून भीड धरू नका. भिडेने काय होतं ते मी वर चार पानं लिहिलं आहे.

ता. क. दुसरा : पाकिटावर पत्ता लिहीत होतो तेवढ्यात वाचनालयातल्या बाई ओळखपत्राचा फोटो काढायला आल्या आणि तो हरवलेला अर्ज घेऊन आल्या. पुस्तक परत आलं, त्यात होता. अगदी सपाट, इस्त्री केल्यासारखा, आणि रिकामं पाकीट पुढच्याच पानात. मी पहिल्यांदाच तो उघडा पाहिला. सही करायची त्या जागी तिने सही केलेली नाही. तिच्या ठसठशीत अक्षरात लिहिलंय, 'सांगता येत नाही'. म्हणजे मी तो खिडकीत दिला असता तर तिथल्या चार कारकुनांनी तो मोठ्याने वाचला असता, आणि उभ्या गावात माझी काय शोभा झाली असती ते सांगायला नको. आता मी हा कागद समोर ठेवून विचार करतोय. पाकिटातून काढल्याशिवाय कागद सपाट ठेवता येत नाही, साडूभाऊ. आणि काढल्यावर तो न वाचता ठेवणारा बाइंडर मी अजून पाहिला नाही. तुम्ही पायऱ्यांवर माझे सगळे शब्द ऐकून घेतलेत आणि माझं बटण बघत राहिलात. मी काही विचारत नाही, तुम्हीही काही सांगू नका. फक्त वर जिथे जिथे 'विसराळू' लिहिलं आहे ते कृपया खोडून वाचा.

ता. क. तिसरा : फोन वाजला म्हणून बघितलं. कौलात 'सांगता येत नाही'समोर आता कुणीच नाही, फक्त सासूबाई आहेत. तुमच्या मेहुणीचं नाव 'हो'समोर गेलं आहे. एका मतावरून अंदाज बांधायचा नाही हे मी शिकलोय, म्हणून मी इथे गप्प बसून होतो. पण आत्ता बाहेरून तिची हाक आली, "अहो, पत्र झालं असेल तर चला, जेवायची थांबलेय मी." तेव्हा तुम्ही फोन शोधण्याची घाई करू नका, सापडला की दाबा. पाकीट तिच्याकडूनच चिकटवून घेतो. मी निघतो, ती दुसऱ्यांदा हाक मारते आहे.